शिवारात आणि जंगलात हातातला जीपीएस कसा वापरायचा

ग्रामसभेत हे यंत्र पहिल्यांदा पिशवीतून निघालं की कुणी ना कुणी विचारतंच, "वरून सॅटेलाइट आपल्याले पाह्यते काय जी?" नाही पाहत. उपग्रहाला तुमचं गाव ठाऊक नाही, वावर ठाऊक नाही आणि तुम्ही हातात यंत्र धरून उभे आहात हेही ठाऊक नाही. तो आपला बोलत राहतो. खालचं यंत्र ते ऐकतं आणि स्वतःची जागा स्वतःच हिशेब करून काढतं. म्हणून त्याला सिमकार्ड लागत नाही, टॉवर लागत नाही, महिन्याचं रिचार्ज लागत नाही. मेळघाटच्या दरीत किंवा भामरागडच्या जंगलात मोबाइलची रेंज गेली तरी ते चालू राहतं.

सामूहिक वनहक्काची, म्हणजे गावाला हक्कानं मिळालेल्या जंगलाची हद्द फिरायची असो, बोडीची (लहान तळ्याची) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाची नोंद करायची असो, वणवा कुठून लागला ते कळवायचं असो, काम तेच. यंत्र धरायचं कसं हे पाच मिनिटांत शिकता येतं. त्याचा आकडा कधी खरा मानायचा हे कळायला मात्र ते आतून काय करतं ते थोडं समजून घ्यावं लागतं.

आकाशातून येतं काय

अमेरिकेच्या जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एकेकाची पृथ्वीभोवतीची फेरी जवळपास बारा तासांची. प्रत्येकात अणुघड्याळ आहे. उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतो: मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले. हा संदेश प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगानं येतो. बरोबर डोक्यावरच्या उपग्रहाकडून तो खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतला फरक वेगानं गुणला की अंतर मिळालं. वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजून 'तीन सेकंदांला एक किलोमीटर' असा अंदाज आपण वावरात काढतो, तोच हिशेब.

एका उपग्रहाचं अंतर कळलं की तुम्ही त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलावर कुठेतरी असता. दुसऱ्याचा गोल पहिल्याला वर्तुळात छेदतो. तिसऱ्यानंतर दोनच बिंदू उरतात, त्यातला एक जमिनीपासून भलत्याच दूर असतो, तो सोडून द्यायचा. मग चौथा उपग्रह कशाला लागतो? कारण तुमच्या हातात अणुघड्याळ नाही, साधं क्वार्ट्झचं घड्याळ आहे. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं. चौथ्याच्या मदतीनं यंत्र स्वतःच्या घड्याळाची चूकही सोडवून घेतं. चार अज्ञात, चार समीकरणं. चारपेक्षा जास्त मिळाले तर उत्तर आणखी पक्कं होतं.

वरच्या घड्याळांचीही एक गंमत आहे. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ती पुढे धावतात आणि वेगामुळे थोडी मागे पडतात. दोन्हींचा हिशेब केला तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची ही दुरुस्ती केली नाही तर चूक रोज अकरा किलोमीटरनं वाढत जाईल.

आजची यंत्रं रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू हेही ऐकतात. नाविक या आपल्या भारतीय यंत्रणेचा पहिला उपग्रह इस्रोनं १ जुलै २०१३ ला सोडला. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, भारताच्या डोक्यावरच राहतील अशा बेतानं ठेवलेले आहेत. अडचण अशी की सुरुवातीचे नाविक उपग्रह वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि साध्या हँडहेल्ड यंत्राचे कान जीपीएसच्या एल-१ या फ्रिक्वेन्सीला लावलेले असतात. एल-१ वर बोलणारा नाविक उपग्रह, एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ ला गेला. पहिलं देशी रुबिडियम घड्याळही त्यातच होतं. तेव्हा वनहक्क समितीच्या कपाटातल्या जुन्या यंत्रात नाविक दिसत नाही म्हणून ते मोडीत काढू नका.

तीन मीटरचं गणित

मे २००० पूर्वी अमेरिका नागरी संकेत मुद्दाम बिघडवत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जायची. आता मोकळ्या जागेत साधं यंत्र तीन ते पाच मीटरच्या आत सांगतं. हे तीन मीटर खूप की थोडे, ते तुम्ही काय विचारता यावर आहे.

एक एकर चौकोनी वावर घ्या. बाजू साधारण ६४ मीटर, घेर २५४ मीटर. सगळ्या बाजूंनी तीन-तीन मीटर बाहेरची नोंद झाली तर क्षेत्र आठ गुंठ्यांनी फुगतं. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे वीस टक्के. प्रत्यक्षात चूक कधी आत, कधी बाहेर जाते आणि थोडीफार मिटते, पण भरवसा ठेवण्यासारखं ते नाही. आता गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)सारखं जंगल घ्या. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. एवढं क्षेत्र चौकोनी धरलं तर घेर सतरा किलोमीटर होतो आणि तीच तीन मीटरची चूक पाच हेक्टरांची. एकूण क्षेत्राच्या पाव टक्क्याहून थोडी जास्त.

म्हणून माझं स्पष्ट मत: धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात हे यंत्र बाहेर काढूच नये. शेजाऱ्यानं नांगराच्या दोन तासांएवढा (रेघांएवढा) धुरा कोरला की चार, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. तिथं भूमी अभिलेख विभागाची मोजणीच लागते. त्यांचे रोव्हर, म्हणजे मोजणीची खास उपग्रह यंत्रं, पक्क्या केंद्रांवरून दुरुस्ती घेऊन सेंटिमीटरात मोजतात. हातातलं यंत्र जंगलाची हद्द, नाला, पांदण, तलाव, विहीर, अशांसाठी.

यंत्र की मोबाइल

मोबाइलमधली चिपही तेच उपग्रह ऐकते. रेंज नसेल तरी जागा सापडते, फक्त पहिल्यांदा वेळ लागतो, कारण एरवी उपग्रहांचं वेळापत्रक ती नेटवरून झटपट घेते. नकाशा घरूनच उतरवून घेतला तर छोट्या कामाला मोबाइल पुरतो. दिवसभर हद्द फिरायची असेल तर वेगळं यंत्र बरं. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखं यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं आणि धानोऱ्याच्या किंवा धारणीच्या बाजारातही सेल मिळतात. मे महिन्याच्या उन्हात त्याचा पडदा वाचता येतो, तर मोबाइल तापून बंद पडतो.

घेताना एक बघा. काही मॉडेलमधून उपग्रहामार्फत निरोप पाठवता येतात. ती नुसती ऐकणारी यंत्रं नव्हेत आणि आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. निव्वळ ऐकणारं यंत्र घ्या.

निघण्याच्या आदल्या रात्री

बिघडलेल्या मोजण्यांचं मूळ चालण्यात क्वचित असतं, बहुतेक वेळा ते सेटिंगमध्ये असतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, अक्षांश-रेखांश लिहिण्याची पद्धत. बरीच यंत्रं कंपनीतून अंश आणि दशांश मिनिटं या पद्धतीवर येतात. पडद्यावर २१°०८.५००′ दिसलं तर ती साडेआठ मिनिटं, म्हणजे आठ मिनिटं तीस सेकंद. कुणी घाईत वहीत '२१ अंश ८ मिनिटं ५० सेकंद' असं उतरवलं की वीस सेकंदांचा फरक पडला. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर सुमारे ३१ मीटर, म्हणजे तुमची विहीर सहाशे मीटर उत्तरेला सरकली, कदाचित दुसऱ्याच गावाच्या शिवेत. त्यापेक्षा दशांश अंश लावा: २१.१४१६७ असा सरळ आकडा. मोबाइलच्या नकाशात तो जसाच्या तसा टाकता येतो. दशांशानंतर पाच अंक लिहा. पाचवा अंक साधारण एक मीटरचा, त्यापुढचे अंक यंत्रानं दाखवले तरी त्यांना अर्थ नाही.

कागदी नकाशावर काम असेल तर यूटीएम हे मीटरमधलं मापन सोयीचं. मात्र विदर्भात त्यात एक खोच आहे. यूटीएमचे पट्टे सहा-सहा अंशांचे असतात आणि ४३ व ४४ क्रमांकाच्या पट्ट्यांची शीव ७८ अंश रेखांशावर येते. ही रेषा बरोबर विदर्भाच्या मधून, मोर्शीजवळून जाते. अकोला आणि अमरावती ही शहरं ४३ मध्ये. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. यवतमाळ जिल्ह्याचे तर दोन तुकडे होतात, दारव्हा एकीकडे आणि यवतमाळ शहर दुसरीकडे. मोर्शीजवळ ही रेषा ओलांडली की पूर्वेचा आकडा सुमारे ८,११,००० वरून एकदम १,८९,००० वर येतो. यंत्र बिघडलेलं नसतं, पट्टा बदललेला असतो. पट्ट्याचा क्रमांक न लिहिता नुसते मीटर लिहिले तर त्या नोंदीचा उपयोग शून्य.

याच ७८ अंशांच्या आसपास दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्ब्टन हा ब्रिटिश सर्वेक्षक अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन दक्षिणेकडून उत्तरेला मोजत येत होता. १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्टनं हाती घेतलं, आणि त्याच्या नावाचा पृथ्वीगोल आपल्या जुन्या सर्व्हे नकाशांचा पाया झाला. आपल्याशी याचा संबंध असा: यंत्राचा पाया डब्ल्यूजीएस ८४ हा नवा पृथ्वीगोल आणि जुन्या टोपोशीटचा (सर्व्हे नकाशाचा) एव्हरेस्ट. दोन्ही मिसळले तर आपल्या भागात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. यंत्रात डब्ल्यूजीएस ८४ च ठेवा आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सिरीजचा नवा नकाशा वापरा, तो याच पायावर आहे. जुनाच नकाशा असेल तर संगणकावर रूपांतर करून घ्या.

बाकी चटकन: एकक मेट्रिक. बॅटरीचा प्रकार, साधा सेल की रिचार्जचा, जो घातलाय तोच. नाहीतर उरलेला चार्ज चुकीचा दिसतो. ग्लोनास चालू. 'डब्ल्यूएएएस' असा पर्याय असेल तर तोही चालू करा, कारण इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन ही दुरुस्ती प्रणाली त्याच पर्यायातून मिळते. गगनचे उपग्रह विषुववृत्तावर स्थिर आहेत, आपल्याला ते दक्षिणेच्या बाजूला, त्यातला एक चांगलाच उंच. दक्षिणेचं आकाश मोकळं असेल तरच ते सापडतात. गार्मिनच्या पडद्यावर ते ४०, ४१ अशा क्रमांकांनी दिसतात आणि दुरुस्ती मिळू लागली की उपग्रहांच्या पट्ट्यांवर इंग्रजी 'डी' उमटतो.

शेवटी जुना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, जतन करून पुसा. मागच्या महिन्याची चाल आजच्या हद्दीला चिकटली तर क्षेत्र काहीच्या बाही येतं.

हद्द फिरताना

गावातल्या मोकळ्या मैदानात यंत्र चालू करा आणि थांबा. रोजच्या वापरातलं यंत्र मिनिटाभरात जागा पकडतं. पावसाळाभर कपाटात पडलेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं द्या, कारण सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. टिनाच्या छपराखाली किंवा जीपमध्ये बसून वाट बघू नका. टिनावरून, पाण्याच्या टाकीवरून, कड्यावरून संकेत आपटून येतो, रस्ता लांबतो आणि यंत्र फसतं.

पडद्यावरचा 'अचूकता' आकडा पाच मीटर किंवा कमी झाला की निघा. हा आकडा यंत्राचा स्वतःचा अंदाज आहे, शपथपत्र नव्हे. आपटून आलेला संकेत ओळखता आला नाही तर तीन मीटर लिहून ते दहा मीटर चुकलेलं असू शकतं. घर किंवा हातपंप अशा ओळखीच्या जागेची नोंद निघताना घ्या, परतल्यावर पुन्हा घ्या. दोन्हींत पडलेला फरक ही त्या दिवसाची खरी अचूकता.

यंत्र धरण्याचीही पद्धत आहे. ईट्रेक्ससारख्या चपट्या यंत्राचा अँटेना पडद्याच्या वरच्या बाजूला असतो, ते तळहातावर आडवं, तोंड आकाशाकडे करून धरा. वर जाड दांडी असलेलं यंत्र उभं धरा. खिशात टाकून किंवा कमरेला लावून चाललात तर अर्धं आकाश तुमच्याच अंगानं झाकलं.

पुढे गावातली जाणती माणसं, मागे यंत्र. हद्द कुठे आहे हे यंत्राला माहीत नसतं, ते आजोबांना माहीत असतं: या मोहापासून त्या नाल्याच्या वळणापर्यंत, मग वनखात्याच्या मुनाऱ्यापर्यंत (हद्दीच्या खांबापर्यंत). प्रत्येक वळणावर थांबा, आकडा स्थिर होऊ द्या, मग बिंदू नोंदवा. ईट्रेक्समध्ये मधली कांडी दाबून धरली की बिंदू पडतो. यंत्र ००१, ००२ अशी नावं देतं. तीच ठेवा आणि वहीत त्या क्रमांकापुढे लिहा: 'मोठा मोह, नाल्याच्या डाव्या काठाला, जंगलाचा कक्ष क्रमांक अमुक, सोबत कोण कोण'. पडद्यावर कांडीनं एकेक अक्षर निवडत बसलं की रांग खोळंबते.

ट्रॅक आपोआप पडत राहू द्या, फक्त नोंद 'वेळेनुसार' ऐवजी 'अंतरानुसार', पाच मीटरला एक बिंदू अशी लावा. खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटायला थांबलात तर ट्रॅक थांबवा. माणूस बसलेला असला तरी आकडा इकडेतिकडे हलत राहतो आणि नकाशावर त्या जागी दोऱ्याचा गुंता दिसतो. हद्द झुडपात शिरली आणि वळसा घालावा लागला तर तेही वहीत लिहा, नाहीतर वळसाच हद्द ठरतो.

दिवस कोणता निवडावा? सागाच्या जंगलात फेब्रुवारी ते मे. पानं गळालेली असतात, आकाश उघडं असतं. भर पावसाळ्यात ओल्या सागाच्या रुंद पानांखाली आणि बांबूच्या रांजीत (बेटात) संकेत एवढा क्षीण होतो की आकडा वीस मीटरवर जातो. कामाला सकाळ चांगली. उन्हाच्या दृष्टीनं तर आहेच, शिवाय दुपारी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे संकेताला जास्त उशीर होतो. मध्य भारतात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर हा थर खवळतो आणि उपग्रह मधूनच तुटतात. संध्याकाळी सातला आकडे नाचू लागले तर सेल बदलत बसू नका.

मुनारा किंवा विहीर अशा एकाच जागेचा आकडा पक्का हवा असेल तर 'सरासरी' हा पर्याय वापरा. पण लागोपाठ दहा मिनिटं मोजून फायदा थोडा होतो, कारण उपग्रह तेच आणि चूकही तीच. दीड-दोन तासांच्या अंतरानं, जमल्यास वेगळ्या दिवशी, चार-आठ वेळा नमुना घ्या. तोवर आकाशातली मांडणी बदललेली असते.

वाट शोधताना

'गो टू' दाबलं की बाण दिसतो. होकायंत्र नसलेल्या स्वस्त यंत्रात हा बाण तुम्ही चालत असाल तेव्हाच खरा असतो, उभं राहिलात की तो कुठेही फिरतो. दहा-वीस पावलं चाला, मग बघा. शिवाय बाण सरळ रेषा सांगतो. मेळघाटात सरळ रेषेतल्या सहाशे मीटरांच्या मध्ये आख्खी दरी असू शकते. परतीला 'गो टू'पेक्षा आलेल्या ट्रॅकवरून उलट चालणं शहाणपणाचं. मोहफुलांच्या दिवसांत पडद्यात डोळे घालून चालू नका, अस्वलंही तिथंच असतात. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि गडचिरोलीत आत काम असेल तर ग्रामसभेचं पत्र जवळ ठेवा.

घरी आल्यावर

त्याच रात्री केबल लावून यंत्रातली जीपीएक्स फाइल (ट्रॅक आणि बिंदू जिच्यात साठतात ती) संगणकावर घ्या. नाव 'नवीन १' असं नको. गाव, तारीख आणि काम असं द्या. उपग्रह चित्रावर ट्रॅक उघडून जाणत्या माणसांना दाखवा. नाला ट्रॅकच्या भलत्या बाजूला दिसला तर ते लगेच सांगतात.

यंत्रानं दिलेलं क्षेत्र हेक्टरमध्ये असतं. सातबाऱ्याशी पडताळताना हेक्टर-आर लक्षात ठेवा: ०.८१ म्हणजे ८१ आर, साधारण दोन एकर. यंत्राचं क्षेत्र सपाट नकाशावरचं असतं, त्यामुळे उतारावर टेप टाकून मोजलेलं त्याहून जास्त भरतं.

वनहक्काच्या दाव्याला हा नकाशा जोडताना दबून जाऊ नका. २०१२ च्या दुरुस्ती नियमांप्रमाणे उपग्रह चित्रं आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावाच. जीपीएसचं क्षेत्र आणि जुना कागद जुळत नाही एवढ्यावर कुणी दावा परत करत असेल तर हा नियम लेखी दाखवा आणि फिरण्याच्या दिवशीची वही सोबत न्या. कोण सोबत होतं, कुठे वळसा घेतला, सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत किती फरक पडला, हे सगळं त्यात असतं.

यंत्र परत कपाटात ठेवताना सेल काढा. पावसाळ्यात ते पाझरले की आतले पत्रे गंजतात आणि मग दिवाळीनंतर ते चालूच होत नाही.